देलमिराची खुर्ची

तेयो बिदेगाइनला कल्पना सुचत नसत, त्या त्याच्या कानावर पडत. हे मी खात्रीने सांगते, कारण आमच्या पायसांदू शहराचं दैनिक माझ्या टपरीवर विकलं जातं आणि त्याच्या मागच्या पानावरची ‘दारापुढची मंडळी’ ही तेयोची चित्रं लोक तिथेच उभ्या उभ्या वाचतात. फुकट वाचून, घडी घालून पेपर परत ठेवणारेही आहेत. त्यांची नावं मला पाठ आहेत.

त्याची रीत साधी होती. उन्हं उतरली की आमच्याकडे लोक खुर्च्या फुटपाथवर काढतात. गरम पाण्याचा थर्मास, येर्बाच्या, म्हणजे आमच्या कडू चहाच्या, पत्तीने भरलेला एक वाळवून पोखरलेला छोटा भोपळा आणि ओढून प्यायला एकच नळी. ज्याचं दार, तो पाणी ओततो. एकाने पिऊन भोपळा परत दिला की पुढच्याची पाळी. तेयो कुठल्याही बैठकीत जाऊन बसे. जवळ कागद नाही, पेन्सिल नाही, चेहरा अगदी बावळट. मग घरी जाऊन ऐकलेल्या माणसाची टोपी बदलायची, धंदा बदलायचा, कुत्र्याच्या जागी मांजर काढायचं. झालं चित्र तयार. गंमत अशी की स्वतःला कुणी ओळखत नसे. प्रत्येकाला त्यात शेजारीच दिसायचा. बेकरीवाला स्वतःच्याच चिकटपणावर माझ्यासमोर पोट धरधरून हसलाय.

ओलेगारियो पिंतोस हा तेयोचा शाळेपासूनचा मित्र, माझ्या टपरीच्या समोरच राहणारा. त्याची बायको देलमिरा वारली, तरी तिची खुर्ची रोज बाहेर यायची. निळ्या पट्ट्यांची, एक पट्टी तुटली म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीने विणलेली. तिच्यावर कुणी बसत नसे आणि कुणी काही विचारतही नसे.

एकदा तेयो आणि तो दोघंच बसलेले असताना ओलेगारियो बोलून गेला. इतर कुणी नसताना देलमिराची पाळी आली की तो तिच्या एनॅमलच्या पेल्यात साखर घालून येर्बा करायचा आणि तिच्या वाटची स्वतःच प्यायचा. तो पक्का कडू पिणारा. गोड पिणाऱ्या बाप्याची आमच्याकडे टर उडवतात, म्हणून हे त्याने पोटच्या मुलींनाही सांगितलं नव्हतं.

पुढे एक दिवस असा आला की तेयोच्या कानावर कामाचं काहीच पडलं नव्हतं आणि संपादकाचे फोनवर फोन येत होते. तेयोने ओलेगारियोची गोष्ट काढली. डोक्यावर कप्तानाची टोपी, खांद्यावर पोपट, असा एक म्हातारा रिकाम्या खुर्चीपुढे गोड पेला धरतो. शेवटच्या चौकटीत खुर्ची म्हणते, “धन्यवाद,” आणि म्हाताऱ्याच्या हातून थर्मास पडतो. आमच्या बैठकीत पेला मुकाट्याने घ्यायचा असतो. धन्यवाद म्हटलं, म्हणजे पुरे, आता मला देऊ नका.

टोपी बदलली, धंदा बदलला, पण खुर्ची मात्र त्याने जशीच्या तशी काढली, दोरीच्या गाठींसकट. हात शेवटी चित्रकाराचा.

चित्र छापून आलं त्या सकाळी टपरीवर कुणालाच आपापला शेजारी दिसला नाही, खुर्ची सगळ्यांनी ओळखली. सगळे ओलेगारियोच्या दाराकडे बघून हसत होते. तो नेहमीसारखा पेपर घ्यायला आला, तिथेच उभा राहून त्याने चित्र बघितलं, पेपर काखेत मारला आणि मला म्हणाला, “खुर्ची छान काढलीय त्याने.”

संध्याकाळपर्यंत येणारेजाणारे बाईचा आवाज काढून त्याच्या दारापुढे “धन्यवाद, धन्यवाद” करायला लागले. दुसऱ्या दिवशी खुर्ची बाहेर आलीच नाही.

तेयो शरमेने अर्धा झाला. रस्त्याने तोंड चुकवून जायचा. मग एका संध्याकाळी माझ्याकडे नवं चित्र घेऊन आला. चित्रात सुपाएवढ्या कानांचा तेयो त्या खुर्चीपुढे मान खाली घालून उभा.

“उद्या छापतो, नील्दा. सगळ्या गावासमोर माफी.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “म्हणजे उद्या पुन्हा लोक त्याच खुर्चीला हसणार, वर तुझी वाहवा करणार. लाज वाटत असेल तर समोर त्याचं दार आहे.”

त्याचे खरे कान लालबुंद झाले. चित्राची घडी खिशात कोंबून तो रस्ता ओलांडून गेला.

दारापुढे थर्मास घेऊन बसलेल्या ओलेगारियोने त्याला बघितलं आणि पायाने एक स्टूल पुढे सरकवलं. शिवी नाही, ओरडा नाही. हा बसला.  आणि विचारलं काय, तर, “खुर्ची कुठाय?”

“आत ठेवली. तिने धन्यवाद म्हटलं ना. पेपरात आलंय.”

 ओलेगारियो आत गेला आणि एनॅमलचा पेला आणि साखरेचा डबा घेऊन आला. साखर घातली, पाणी ओतलं, नळी त्याच्याकडे फिरवून पेला पुढे केला.

“घे. साखर उरलीय. आता घरात गोड पिणारं कुणी नाही.”

तेयोने पेला घेतला. जन्मात गोड न प्यालेला माणूस, घोट घशाखाली उतरेना. एक शब्द म्हटला असता तर सुटला असता. ओलेगारियो भरत राहिला, तो मुकाट्याने पीत राहिला, थर्मास रिकामा होईपर्यंत.