पंगतीत न बसलेला बचावपटू

कलबुर्गीच्या संघाचा निरोप फोनवर आला आणि त्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. एका हंगामापुरती खेळाडूंची अदलाबदल. ते त्यांचा मधला बचावपटू आम्हाला देणार, आम्ही आमचा डाव्या बगलेचा खेळाडू त्यांना द्यायचा. देण्याघेण्याचा दुसरा काही विषय नाही. दोन्ही संघांच्या सह्यांचा अर्ज महिनाअखेरीला संध्याकाळी पाचपर्यंत कलबुर्गीतल्या जिल्हा संघटनेत पोचला पाहिजे, एवढीच अट. आळंदच्या आमच्या संघाच्या कार्यकारिणीत सात जण होते. निरोप मी सभेत वाचून दाखवला. मग अध्यक्षांनी विचारलं, "पण ते द्यायलेत कामून?"

पुढचे अठरा दिवस आम्ही या एकाच प्रश्नाच्या मागे होतो.

बचावपटू छत्तीस वर्षांचा होता. जिल्ह्यात ज्याने फुटबॉल पाहिला आहे त्याला तो ठाऊक होता. मी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर बावीस वर्षं काम केलं, त्यातल्या बऱ्याच वर्षांत सामन्याच्या बातमीत त्याचं नाव मी लिहिलेलं आहे. तो फार पळत नसे. चेंडू जिथे पडणार तिथे आधीच जाऊन उभा असे, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं की चेंडूच त्याच्याकडे येतो. आम्हाला अशा माणसाची गरज होती, हे कुणी नाकारत नव्हतं. आदल्या हंगामात आम्ही वरच्या गटात टिकलो ते शेवटच्या दिवशी, दुसऱ्यांच्या निकालावर. आमचा गोलकीपर घाबरला की दखनी उर्दूत ओरडायचा, उजवा बॅक कन्नडमध्ये उत्तर द्यायचा, आणि चेंडू दोघांच्या मधून जाळ्यात जायचा.

तरी शंका होती. कार्यकारिणीतले चौघे तुरीच्या बाजारातले, अध्यक्ष त्यांपैकीच. पोत्याच्या तोंडाशी असलेली तूर नेहमीच चांगली असते, म्हणून लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसून मधले दाणे तळहातावर घ्यायचे, ही त्यांची रोजची रीत. पाचवे औषधांचे दुकानदार. सहावे राजेश्वर गावाहून मुलाकडे राहायला आलेले निवृत्त मास्तर. सातवा मी. सभेचा वृत्तांत लिहिणं आणि चौकशी करणं ही माझी कामं. अध्यक्ष म्हणाले, तुरीचा भाव चढायला लागल्यावर कुणी आपणहून ट्रक भरून दुसऱ्याच्या दारात लावत नाही. मग या लोकांनी आपला सगळ्यात मोठा खेळाडू का लावावा? मी प्रश्न वृत्तांतात लिहून घेतला.

ज्याला द्यायचं होतं तो आमचा खेळाडू तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. वय चोवीस. त्याची गोष्ट सरळ होती. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी राखीव जागा निघायच्या होत्या. अर्जाबरोबर जिल्ह्यातल्या पहिल्या चार संघांपैकी एकात पूर्ण हंगाम खेळल्याचा दाखला लागत होता. आमचा संघ पहिल्या चारांत कधी आला नव्हता, येण्याची चिन्हंही नव्हती. कलबुर्गीचा संघ दरवर्षी असायचा. आणि पुढच्या जूनमध्ये तो वयाची मर्यादा ओलांडणार होता. हे त्याने पहिल्याच सभेत दारात उभं राहून सांगितलं. अध्यक्षांनी त्याला बसायला सांगितलं, चहा दिला, आणि म्हणाले की बघू, तुझं नुकसान होऊ देणार नाही. तो गेल्यावर औषधवाले म्हणाले, ह्याला एवढी घाई आहे म्हणजे तिकडून ह्याला काहीतरी कबूल झालेलं दिसतं. तेव्हापासून आम्ही दोन्ही खेळाडूंवर शंका घ्यायला लागलो.

मी चौकशी केली. आधीच्या हंगामात बचावपटू सगळे सामने खेळला होता, शेवटचे तीन सोडून. कारण "घरगुती" असं नोंदवलेलं होतं. कलबुर्गीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, घरगुती म्हणजे घरगुतीच असणार. हुमनाबादच्या एका पंचाला विचारलं. त्याने त्याला शेवटच्या वेळी लंगडताना पाहिलं नव्हतं, पण नीट पाहिलं होतं असंही तो म्हणेना. मी दोन्ही उत्तरं तशीच सभेत वाचून दाखवली. "नीट पाहिलं न्हाई" एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

मग मोबाइलवर व्हिडिओ आले. अध्यक्षांच्या अडतीत, पोत्यांवर बसून, आम्ही एकच गोल सात-आठ वेळा पाहिला. त्यात बचावपटू उजवीकडून वळतो आणि तेवढ्यात चेंडू डावीकडून जातो. एका व्यापाऱ्याचं म्हणणं पडलं की तो डाव्या पायावर वळतच नाही. दुसऱ्याने आणखी एक व्हिडिओ काढला. त्यात तो डाव्या पायावर वळलेला स्पष्ट दिसत होता. त्यावर पहिला म्हणाला, "हे जुनं असंल." तारीख पाहिली तर ती नंतरची होती. तो विषय तिथेच सोडला गेला. शंका मात्र कायम राहिली.

दासोहाची कल्पना अध्यक्षांची. अमावस्येला इथल्या मठात दासोह असतो. येईल त्याला जेवण, सगळ्यांची एकच पंगत, जमिनीवर मांडी घालून. अध्यक्षांनी आयुष्यभर बैल घेतले होते. उभ्या जनावराचा पाय कळत नाही, ते बसताना आणि उठताना बघावं, असं त्यांचं मत. त्यांनी कलबुर्गीच्या सचिवांना फोन करून सांगितलं की सही करण्याआधी खेळाडूला एकदा प्रसादाला घेऊन या, ओळख होईल. बोलावणं इतकं साधं होतं की नाही म्हणणं अवघड.

आम्ही तयारी केली. त्याची जागा पंगतीच्या मध्यभागी धरली. पाठीला भिंत नको, हाताला खांब नको, म्हणजे उठताना आधार मिळणार नाही. एका बाजूला औषधवाले बसणार, गुडघ्यांबद्दल त्यांना कळतं म्हणून. दुसऱ्या बाजूला अध्यक्ष. मी समोरच्या पंगतीत, जिथून दोन्ही पाय दिसतील असा. आज हे लिहिताना मला ही मांडणी जशी दिसते तशी त्या दिवशी दिसली नाही. त्या दिवशी ती मला नेटकी वाटली होती.

तो दुपारी बाराच्या सुमारास सचिवांबरोबर आला. पाय धुतले, विभूती लावली, गाभाऱ्याला नमस्कार केला. हे सगळं उभ्याने. पंगत बसू लागली, अध्यक्षांनी शेजारच्या चटईवर हात ठेवून त्याला "या" म्हटलं. तो हसला, मान हलवली, आणि बाजूला ठेवलेली हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, बादली उचलून वाढायला लागला.

दासोहात वाढणाऱ्याला कुणी थांबवत नाही. ते वाईट दिसतं. त्याने पहिली पंगत वाढली. दुसरी वाढली. आधी हुग्गी, मग भात, मग आमटी. तिसऱ्या पंगतीला तो ताकाचा जग घेऊन फिरत होता आणि आम्ही सातही जण, जेवण उरकलेले, हात न धुता त्याच्या पायांकडे बघत होतो. औषधवाले माझ्याकडे वाकून म्हणाले, "कमरेतून वाकायलाय बगा. गुडघ्यातून न्हाई." ते खरं होतं. बादली घेऊन वाढणारा प्रत्येक माणूस कमरेतूनच वाकतो, हेही खरं होतं, पण ते त्या वेळी कुणी बोललं नाही. शेवटी त्याने स्वयंपाकाच्या चुलाण्यापाशी उभ्यानेच चार घास खाल्ले आणि निघाला. जाताना अध्यक्षांना म्हणाला, "अप्पा, बोलावलात, बरं वाटलं. मी तयार हाय." अध्यक्षांनी त्याचे हात हातात घेतले. गाडी वळल्यावर म्हणाले, "बसला का खाली? न्हाई बसला."

त्या संध्याकाळच्या वृत्तांतात मी एक वाक्य लिहिलं: "खेळाडू पंगतीत बसला नाही." वाक्य अचूक होतं. त्यातून काय घ्यायचं ते मी वाचणाऱ्यावर सोडलं, आणि वाचणारे कोण आहेत ते मला माहीत होतं.

ठराव झाला की गुडघ्याचं स्कॅन मागवावं. कलबुर्गीच्या सचिवांना मी फोन केला. त्यांनी आधी माझं कन्नडमधलं बोलणं नीट ऐकून घेतलं, मग मराठीत विचारलं की तुम्ही बैल घ्यायलात का माणूस. मी म्हटलं, कार्यकारिणीचा निर्णय आहे. ते म्हणाले, स्कॅन नसतं, सामना असतो. रविवारी या, तुमच्या पोरांशी खेळवतो, नव्वद मिनिटं बघा. मी हे सभेत सांगितलं. "एका दिवसापुरतं इंजेक्शन देऊन खेळवतेत," अध्यक्ष म्हणाले. औषधवाल्यांनी मान डोलावली. रविवारी कुणी गेलं नाही; मी स्कॅन पुन्हा मागितलं आणि सचिव "बघतो" म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमचा खेळाडू सकाळी अकरालाच अडतीवर आला. अर्ज त्याने स्वतः आपल्या दुकानात छापून आणला होता, तीन प्रती, दुसऱ्या बाजूची सही आधीच झालेली. मोटारसायकलने कलबुर्गीला जायला किती वेळ लागतो, हेही त्याने मोजलं होतं. साडेतीनपर्यंत सही झाली तर पोचता येणार होतं. अध्यक्षांनी त्याला सांगितलं की सह्या करायला काही हरकत नाही, फक्त एक कागद यायचा आहे. दोनला आमच्यासाठी चहा आला. अडीचला माझ्या मोबाइलवर स्कॅनचा फोटो आला.

गुडघ्यात दोष नाही, असा त्यावर शेरा होता. तारीख दीड वर्षापूर्वीची.

"जुनं पाठवलंय," अध्यक्ष म्हणाले. आवाजात राग नव्हता, समाधान होतं. "नवं असतं तर नवं पाठवला असता."

मी फोन लावला. सचिवांनी उचलला नाही. औषधवाल्यांनी सुचवलं की एक दिवस मुदत मागावी. मुदत मिळत नाही, हे मी सांगितलं. मग मत घेतलं. चार नाही, दोन हो. सातवं मत माझं राहिलं. चार नाही आधीच झालेले असल्याने माझ्या मताने काही बदलणार नव्हतं, आणि मी नाही म्हटलं. पुराव्याशिवाय हो म्हणू नये, असं मी बावीस वर्षं शिकलो होतो. नाही म्हणायलाही पुरावा लागतो, याचा विचार केला नाही.

खेळाडू पोत्यांच्या थप्पीपाशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मग माझ्याजवळ आला.

"अण्णा, त्याचा पाय मोडलेला हाय का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मोडलेला असला तरी तुमचं काय जातंय? तो हितं बसून राहिला असता. मी तिकडं गेलो असतो की."

मी म्हटलं की संघाला बचावपटू हवा होता, बसून राहणारा माणूस नको होता. तो म्हणाला, "आता कोणता मिळाला?" आणि तिन्ही प्रती घडी घालून खिशात ठेवल्या. साडेतीन वाजून गेले होते.

तो गेल्यावर राजेश्वरचे मास्तर, ज्यांनी हो म्हटलं होतं, चप्पल घालता घालता बोलले. त्यांच्या गावी कुणी परक्या मठात पहिल्यांदा गेला तर आधी वाढतो, मग जेवतो. बसवून घेतलं तरी बसत नाही. त्या बचावपटूची आई तिकडचीच असावी, बोलण्यावरून वाटलं. मी विचारलं, हे त्या दिवशी का नाही सांगितलं?

"तुम्ही पाय बघायलात," मास्तर म्हणाले. "रीत कोण इचारलं मला?"

हंगामाचं सांगतो. बचावपटू कलबुर्गीकडूनच खेळला. बहुतेक सामने खेळला, दोन नाही. एका सामन्यात उत्तरार्धात मांडी धरून बाहेर आला. अध्यक्षांनी ती बातमी मला वाचून दाखवली. त्यावरून काही सिद्ध होत नाही. मांडी म्हणजे गुडघा नव्हे, आणि छत्तिसाव्या वर्षी कुणाचीही मांडी धरते. ते त्याला का देत होते, हे मला आजही कळलेलं नाही. कदाचित त्यांना आमचा खेळाडू हवा होता, एवढंच असेल. हे उत्तर आमच्यापैकी कुणालाही त्या अठरा दिवसांत सुचलं नाही, कारण आमच्याकडचं काही कुणाला हवं असेल असं आम्ही धरलंच नव्हतं.

आम्ही खालच्या गटात गेलो. आमचा खेळाडू शेवटच्या सामन्यापर्यंत खेळला, दोन गोलही केले. जागा मेमध्ये निघाल्या तेव्हा त्याच्याजवळ दाखला नव्हता; जूनमध्ये त्याने वयाची मर्यादा ओलांडली. त्या जागांची जाहिरात त्याच्या दुकानात येणाऱ्या पोरांनी त्याच्याकडूनच झेरॉक्स करून नेली.

सप्टेंबरात सराव सुरू झाला तेव्हा तो आला नाही. पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्यात नाही. कार्यकारिणी बसली. औषधवाले म्हणाले, कुणीतरी फोडलंय त्याला. एका व्यापाऱ्याने मन्नाएखेळ्ळीच्या संघाचं नाव घेतलं. त्यांच्या माणसाला त्याने तहसीलसमोर पाहिलं होतं. अध्यक्षांनी मला चौकशी करायला सांगितलं.

मी म्हटलं, चौकशीची गरज नाही, मला कारण माहीत आहे. त्याला खेळून जे मिळवायचं होतं त्याची मुदत संपली. आता तो रविवारीही दुकान उघडतो.

अध्यक्षांनी ऐकून घेतलं. मग समोरच्या पोत्यात नळी खुपसून मधले दाणे तळहातावर घेतले.

"एवढंच असंल व्हय?" ते म्हणाले. "बगा तरी जरा."