छोट्या शील्डचा चोपदार

टीव्हीवर दुसऱ्या दर्जाच्या लीगचा फुटबॉल लागला की माझं आणि नातवाचं भांडण ठरलेलं. त्याला खेळ बघायचा असतो आणि मला त्या बोलणाऱ्यांना दोन गोष्टी सुनवायच्या असतात. "आजी, तू चुप बैस ना, कुछ सुनाई नहीं दे रहा," तो म्हणतो. अरे, पण ऐकण्यासारखं ते काही बोलून राहिलेत का? दोघं कोट घालून बसलेले. समोर बिचारी पोरं चिखलात लोळतात आणि हे बोलतात परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या क्लबाबद्दल. परवा एका गोलकीपरने पहिल्या अर्ध्या वेळात सहादा बॉल अडवला. सहाही वेळा मेले त्याला म्हणाले, "नंबर एकतीस." त्याच्या आईबापांनी त्याचं बारसं केलंच नसेल का? नावांचा कागद समोर पडलेला असतो, तो उलटून बघायला यांचे हात दुखतात.

नातू म्हणतो, छोट्या लीगला असंच असतं, चांगले लोक मोठ्या मॅचला जातात. हे मात्र मी ऐकून घेत नाही. छोट्यातल्या छोट्या फुटबॉलवर बोलणारा सगळ्यात चांगला माणूस मी ऐकलेला आहे, आणि तो रोज आमच्या घरी जेवायला बसायचा. माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

अण्णा दरबारात चोपदार होते. हातात चांदीची काठी घेऊन पुढे उभं राहायचं आणि कोणी मोठं माणूस आत आलं की ललकारी द्यायची, "निगाह रखो, आस्ते कदम," आणि मग त्याचं नाव, बापाचं नाव, हुद्दा, सगळं एका दमात. आमच्या घराण्यात तीन पिढ्या हेच काम. माणसाचं नाव चुकलं तर नोकरी जायची, म्हणून अण्णा आदल्या दिवशी घरोघर जाऊन नावं विचारून यायचे. नाव कसं लिहिता, कसं म्हणता, मूळ गाव दक्खनेतलं कोणतं, हे सगळं पाठ करायचे.

मग संस्थान विलीन झालं. मध्य भारत झाला, राजधानी हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला. दरबार आटला तशी माणसं इकडेतिकडे सामावून घेतली. अण्णांना एका सरकारी ऑफिसात दफ्तरी केलं. फायली बांधायच्या, सोडायच्या. आवाज त्यांचा असा की आमच्या दाना ओली गल्लीच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाच्या माणसाने वळून बघावं, आणि तिथे त्यांना पहिल्याच आठवड्यात बड्या बाबूंनी सांगितलं, "जरा हळू बोलत जा." तेव्हापासून अण्णा ऑफिसात बोलायचेच नाहीत. घरीसुद्धा कमी झाले. आई म्हणायची, "यांच्यापेक्षा तो रेडिओ बरा, निदान खरखर तरी करतो." बोलायची अशी, पण तिला वाईट वाटायचं.

त्या वेळी लश्करात, म्हणजे आमच्या शहरात, फुटबॉलच्या दोन शील्डी होत्या. मोठ्या शील्डला गिरणीची, पोलिसांची, पलटणीची टीम. ती माणसं बूट घालून खेळायची. छोटी शील्ड उरलेल्यांची. सरकारी ऑफिसं, टांगेवाले, शाळामास्तर, खासगी बाजारातल्या हलवायांची एक टीम. बहुतेक सगळे अनवाणी, आणि हलवायांची पोटं सुटलेली. एका मॅचला भोंगेवाल्याने माइकवर आमच्या ऑफिसच्या बड्या बाबूंचं आडनाव चुकवलं. बडे बाबू आमच्या टीमचे कॅप्टन, वय चाळीसच्या पुढे. अण्णा प्रेक्षकांत बसलेले होते. त्यांना ते सहन झालं नाही. ते उठले, जाऊन त्या माणसाच्या हातातला माइक घेतला, आणि बड्या बाबूंचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, अख्ख्या मैदानाला ऐकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइक पुन्हा भोंगेवाल्याकडे गेला नाही.

खोटं कशाला सांगू, त्यांच्या कॉमेंट्रीत खोडी होत्या. अण्णा दरबारी माणूस, हुद्द्याप्रमाणे नाव घ्यायचे. शिपायाने बड्या बाबूंना पास दिला तरी ते आधी बड्या बाबूंचं नाव घेणार, मग शिपायाचं. त्यामुळे नुसतं ऐकणाऱ्याला वाटायचं बॉल उलटा चाललाय. एखाद्याचं सगळं नाव-गाव सांगून होईपर्यंत बॉल दुसऱ्या गोलपाशी पोचलेला असायचा. आणि कोणाची चूक सांगायची नाही, हा तर नियमच. बड्या बाबूंनी टांगेवाल्याला पाडलं तर अण्णा म्हणायचे, "बड्या बाबूंचा पाय जरा पुढे गेला." एकदा शिपायाने गोल मारला तेव्हा बडे बाबू मैदानाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते. अण्णांनी जाहीर केलं, "बड्या बाबूंच्या उपस्थितीत गोल झाला." पब्लिक लोटपोट झाली. पण त्या शिपायाचंही नाव त्यांनी घेतलं, बापाच्या नावासकट, आणि त्याचा बाप माधवगंजात पाणी भरायचा. आपलं नाव असं घेतलेलं त्याने जन्मात कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो म्हातारा मुद्दाम आमच्या दारात येऊन अण्णांना रामराम करून गेला.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी अण्णा वही घेऊन निघायचे आणि बाविसांच्या घरी जाऊन यायचे. कोणाचा गुडघा दुखतो, कोण तापातून उठलाय, कोणाच्या घरी पाळणा हलला. दुसऱ्या दिवशी ते सगळं माइकवर. हे टीव्हीवाले त्याला काय ते रिसर्च म्हणतात. करा की मग!

आता दादाचं सांगते. दादा माझा मोठा भाऊ, त्याच ऑफिसात हंगामी कारकून आणि टीमचा गोलकीपर. तीन वर्षं हंगामीच. त्याचं लग्नही त्यावर अडलं होतं. मुलीकडचे म्हणायचे, कायम होऊ द्या, मग बघू. आणि त्यातच छप्पन साल उजाडलं. मध्य भारत जाणार, नवं मध्य प्रदेश होणार, ऑफिसं भोपाळला जाणार. रोज नवी आवई. कोण जाणार, कोण राहणार, आणि हंगामी लोकांना काढून टाकणार, हे तर जो तो सांगायचा. आमच्या घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

गणपती झाल्यावर याद्या करायला बाहेरून एक साहेब आले. नेमकी त्याच आठवड्यात छोट्या शील्डची फायनल होती, आमचं ऑफिस आणि टांगेवाले. साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं. बडे बाबू आदल्या दिवशी आमच्याकडे येऊन अण्णांना म्हणाले, "साहेबांना खेळाडू माणसं आवडतात. नव्या ऑफिसात टीम करायचं त्यांच्या मनात आहे. तुमच्या मुलाचं नाव त्यांच्या कानावर चार वेळा पडलं तर काम होईल. आणि माइक तर तुमच्याच हातात आहे."

ते गेल्यावर आई म्हणाली, "ऐकलंत ना? चार नाही, दोनदाच घ्या. पण घ्या."

अण्णा म्हणाले, "चोपदाराने घरच्याचं नाव घ्यायचं नसतं."

हे आम्हाला माहीत होतं. घरचं कोणी समोर आलं की दरबारात दुसरा चोपदार ललकारी द्यायचा. तोपर्यंतच्या सगळ्या मॅचमध्ये अण्णांनी दादाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. दादाने बॉल अडवला की ते म्हणायचे, "चेंडू थांबला." बस. लोकांना त्याची सवय झाली होती.

"कोणता दरबार आणि कसला चोपदार आता?" आई चिडली. "पोराच्या नोकरीचा सवाल आहे."

अण्णांनी कोनाड्यातली वही काढली. मग म्हणाले, "ज्याच्या नावाची ललकारी झाली तो दरबारचा झाला. मग तो घरचा राहत नाही. माझ्या वडिलांनी माझं नाव कधी घेतलं नाही." आणि वही घेऊन टांगेवाल्यांची नावं विचारायला निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांचं ताट वाढलं नाही. आईनेच वाढलं.

फायनलला बायकांसाठी साहेबांच्या शामियान्याला लागून कनात लावली होती. मी मुद्दाम कडेला बसले, म्हणजे साहेब दिसतील. साहेब जाड चष्म्याचे, मांडीवर कागद, हातात पेन. मैदानाकडे बघतच नव्हते, फक्त कान भोंग्याकडे. आणि भोंग्यातून काय येत होतं? टांगेवाल्यांची नावं. एकेकाची अशी थाटाची की साहेब मधूनच मान डोलवायचे. तिकडे दादा गोलमध्ये जिवावर उदार होऊन खेळत होता. टांगेवाले दणकट, बॉल असा मारायचे की बघवत नसे. दादा उडी मारायचा, पडायचा, उठायचा, आणि अण्णा म्हणायचे, "चेंडू थांबला." मी मोजलं नाही, पण ते ऐकून ऐकून मला रडू यायला लागलं. अहो, कोणी थांबवला ते सांगा ना! साहेबांनीही एकदा शेजारच्या कारकुनाला विचारलं, "ये गेंद रोक कौन रहा है?" तो साहेबांबरोबर बाहेरून आलेला. म्हणाला, "पता करता हूँ, सर," आणि जागचा हलला नाही.

अगदी शेवटी टांगेवाल्यांचा एक फटका दादाच्या तोंडावर बसला. नाकातून रक्त आलं. बॉल त्याच्या हातून निसटला आणि दुसऱ्याने तो आत ढकलला. शिट्टी वाजली, मॅच संपली, आम्ही एका गोलने हरलो. अण्णांनी जिंकणाऱ्या अकरा जणांची नावं घेतली. एक नाव चुकलं नाही, आवाज जरासुद्धा हलला नाही. आई माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून बसली होती. साहेबांनी पेनचं टोपण लावलं.

हरलेली टीम मैदानाबाहेर यायला लागली. त्यांच्यासाठी काही बोलायची रीत नव्हती. दादा सगळ्यात शेवटी, नाकाला पंचा लावून, मान खाली घालून येत होता. तो शामियान्यासमोर आला तेवढ्यात भोंगा पुन्हा खरखरला.

"निगाह रखो! आस्ते कदम!"

आठ वर्षांत ती ललकारी लश्करात कोणी ऐकली नव्हती. बसलेली सगळी जुनी माणसं ताडकन उभी राहिली. विचार करून नव्हे, पायांची सवय. कोणी पायातले जोडे काढले, कोणी टोपी सारखी केली, काहींनी तर मुजऱ्यासाठी हात कपाळाला नेला. समोर कोण येतंय म्हणून बघितलं तर आमचा दादा! त्यांना उभं राहिलेलं बघून टांगेवाले उभे राहिले, कनातीतल्या बायका उभ्या राहिल्या, आणि कोणीतरी फार मोठं आलं असं समजून साहेबही उभे राहिले. मांडीवरचे कागद खाली सांडले. आणि अण्णांनी दादाचं नाव घेतलं. त्याचं, मग स्वतःचं, मग आजोबांचं, दक्खनेतलं मूळ गाव, आणि हुद्दा. "हंगामी कारकून." तेसुद्धा असं म्हणाले की सरदार म्हटल्यासारखं वाटलं.

दादा जागीच थांबला. त्याला कळेना काय करावं. त्याने रक्ताचा पंचा खाली घेतला आणि साहेबांना नमस्कार केला. उभ्या असलेल्या साहेबांनी परत नमस्कार केला. मग बसले, कारकुनाने कागद गोळा करून दिले, आणि साहेबांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं. मी डोळ्यांनी बघितलं.

दसऱ्यानंतर यादी लागली. दादा कायम झाला. पोस्टिंग भोपाळ. आईने पेढे वाटले आणि रात्री जेवली नाही. दफ्तरी लोकांना कोणी हलवलं नाही, म्हणून आम्ही इथेच राहिलो. दादाचं लग्न झालं, भोपाळला बिऱ्हाड झालं, मग पोरंबाळं झाली. दर दिवाळीला यायचा, मग एक दिवाळी सोडून यायला लागला. आला की चार दिवस पाहुण्यासारखा बसायचा, पाणीसुद्धा मागून घ्यायचा. माझ्या लाडक्या दादाला त्याच्याच घरात चहा विचारावा लागायचा.

अण्णा पुढे कितीतरी वर्षं छोट्या शील्डला बोलले. तीच वही, तीच नावं. आमच्या टीमला नवा गोलकीपर आला, त्याचंही नाव ते बापाच्या नावासकट घ्यायचे. ललकारी मात्र पुन्हा कधी दिली नाही. लोक मागे लागायचे, एकदा होऊन जाऊ द्या म्हणायचे. अण्णा हसून टाळायचे.

एका दिवाळीला दादा येणार नाही अशी तार आली. त्या दुपारी अण्णा सुपारी कातरत बसले होते, आणि मी राहून राहून शेवटी विचारलंच. "अण्णा, तुम्हीच म्हणाला होतात ना, नाव घेतलं की तो घरचा राहत नाही. तुम्हाला ठाऊक होतं. मग घेतलंत कशाला?"

अण्णांनी वर बघितलं नाही. हळूच म्हणाले, ऑफिसात बोलावं तसं, "कायम व्हायला पाहिजे होता ना."