गव्हाच्या कोठीतला पारा

उषाबाईंना रागवायला फारसं कारण लागत नाही, पण त्या बुधवारी कारण मोठं होतं. भेस्तानच्या त्यांच्या गल्लीतल्या लस राहिलेल्या बाळांची यादी शीतलबेननं त्यांच्या हातात ठेवली, आणि अकरा नावांतलं सातवं नाव त्यांच्या सख्ख्या नातीचं निघालं. ध्रुवी ललितभाई सोनवणे, वय चार महिने, पेंटाचा, म्हणजे घटसर्पासकट पाच रोगांवरच्या लसीचा, एकही डोस नाही. उषाबाईंनी यादीची घडी घालून ती पिशवीत कोंबली आणि शीतलबेनला ते नाव दिसलंच नसेल असं त्या धरून चालल्या. शीतलबेन आरोग्य केंद्रातली नर्स, गुजराती, मोजकं बोलणारी. यादी तिनंच लिहिली होती.

आशाताई म्हणून उषाबाईंना सतरा वर्षं झाली. त्याआधी त्या नुसत्या उखाची बायको होत्या. खान्देशातल्या पारोळ्याकडून तो गुजरातेत उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आला, मागोमाग या आल्या. लूमच्या खडखडाटात तीस वर्षं काढून उखाचे कान गेले आणि त्याच्याशी बोलून बोलून बाईंचा आवाज चढला तो कायमचाच. गल्लीत अर्ध्याहून जास्त घरं खान्देशातली. कुणाची सून अवघडली, कुणाच्या बाळाला ताप आला, की उषाबाईंना हाक. मांडीला सुई टोचून बाळ रडायला लागलं की त्या आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "काही व्हत नही, माय." त्या चार शब्दांवर गल्लीतली पोरं मोठी झाली. दुसरं शास्त्र बाईंकडे नव्हतं आणि कुणी मागितलंही नव्हतं.

मग तो व्हिडिओ आला. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक गोरागोमटा माणूस हिंदीत सांगत होता की लहान मुलांच्या लसीत पारा घालतात, आणि त्या पाऱ्यानं मुलं बोलायची बंद होतात. तो डॉक्टर होता की दुकानातून स्टेथोस्कोप विकत घेतलेला कुणी, देव जाणे. आठ दिवसांत व्हिडिओ गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. केंद्रात मीटिंग झाली. मोठे साहेब घड्याळ बघत म्हणाले की कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, लसीत पारा-बिरा काही नसतो. उषाबाईंनी मान डोलावली, आणि गल्लीत येऊन दारोदार तेच सांगितलं. पारा नसतो. काही व्हत नही.

बाहेरच्यांनी ऐकलं, घरात सून बसली अडून. हर्षदा उधन्यातच जन्मलेली, बारावी शिकलेली, फोनवर मैत्रिणींशी गुजरातीत बोलणारी. तशी गुणाची पोरगी. सासूला कधी उलटून बोलली नव्हती. पण ध्रुवी दीड महिन्याची झाली तेव्हा ती माहेरी जाऊन बसली, अडीच महिन्यांची झाली तेव्हा बाळाला सर्दी आहे म्हणाली, आणि तिसऱ्या वेळी एक कागद सासूपुढे धरला.

त्या कागदाची कथा अशी, की तो उषाबाईंनीच घरात आणला होता. लसीच्या बाटल्यांची रिकामी खोकी चांगल्या जाड पुठ्ठ्याची असतात, म्हणून त्या अधूनमधून एखादं घरी आणायच्या. हुक, बटणं, फॉलचा दोरा, सगळं त्यांत. खोक्याच्या तळाशी घडी घातलेला इंग्रजी कागद पडलेला असतो, याकडे त्यांनी सतरा वर्षांत ढुंकून पाहिलं नव्हतं. हर्षदानं ब्लाउजचा हुक शोधता शोधता तो उघडला, त्यातला एक एक शब्द मोबाइलमध्ये घालून पाहिला, आणि लस टिकावी म्हणून घातलेल्या औषधाच्या नावाखाली तिला पारा सापडला. थोडासा, पण होता.

त्या दिवशी घरात जे झालं ते उखालाही ऐकू गेलं. उषाबाई म्हणाल्या, दोन अक्षरं शिकली म्हणून सासूला शहाणपण शिकवतेस? हर्षदा म्हणाली, मी कुठे शिकवतेय, कागद वाचतेय. मुलगा ललित दोघींच्या मधे उभा राहून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला आणि शेवटी पाळी आहे म्हणून मिलकडे निघून गेला. पाळी दुपारची होती, हा सकाळीच गेला.

हर्षदाची भीती नुसत्या व्हिडिओतून आलेली नव्हती, हे उषाबाईंना ठाऊक होतं आणि म्हणूनच त्यांची जास्त चिडचिड होत होती. हर्षदाची थोरली बहीण वर्षा बारडोलीला असते. नवरा साखर कारखान्यात. तिचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी आईला हाक मारत नाही, नजरेला नजर देत नाही, दिवसभर ताटलीच्या कडेवर बोट फिरवत बसतो. त्याच्या सगळ्या लसी वेळेवर झाल्या होत्या. वर्षा रात्रंदिवस एकच विचारते, माझं काय चुकलं? आणि धाकट्या बहिणीला उत्तर मिळालं ते त्या गोऱ्यागोमट्या माणसाकडून. दुसऱ्या कुणी ते द्यायची तसदी घेतली नव्हती.

पण उषाबाईंच्या डोळ्यांपुढे दुसरं पोर होतं. मागच्या वर्षी पलीकडच्या सोसायटीतल्या पाच वर्षांच्या मुलीला घटसर्प झाला. तिलाही लस दिलेली नव्हती. गळा सुजून श्वास अडकायला लागला तेव्हा उषाबाई रिक्षात तिच्या आईशेजारी बसून दवाखान्यापर्यंत गेल्या. येताना ती आई एकटी आली. ध्रुवी पाळण्यात जरा खोकली तरी बाई उठून तिचा गळा चाचपायच्या, आणि तोंडातून मात्र सुनेसाठी शिव्याच निघायच्या.

आशाताईच्याच नातीला लस दिलेली नाही, हे गल्लीला कळायला वेळ लागला नाही. तोंडावर कुणी बोललं नाही. पण दोन घरं सोडून राहणारी सुषमा, जिचं बाळंतपण उषाबाईंनी स्वतःच्या लेकीसारखं केलं होतं, तीही आपल्या अडीच महिन्यांच्या पोराला लसीला घेऊन यायची बंद झाली. विचारलं तर हसून म्हणाली की आधी तुमची ध्रुवी जाऊ द्या, मग आम्ही आहोतच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

यादी घेऊन घरी आलेल्या उषाबाईंचं डोकं त्या दिवशी तापलेलंच होतं. हात चालू ठेवले म्हणजे राग उतरतो, म्हणून त्यांनी कोठीतून दळणाचे गहू काढायला घेतले. वर्षभराचे गहू त्या दर उन्हाळ्यात गावाकडून आणतात. शेजारची गुजराती बाई गव्हाला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून ठेवते, पण उषाबाईंना तो तेलकटपणा आवडत नाही. त्यांच्या आईनं गव्हात पाऱ्याच्या टिकड्या घातल्या, आजीनं घातल्या. राखाडी रंगाच्या, सुपारीएवढ्या टिकड्या. गव्हाच्या थराथरात टाकल्या की वर्षभर किडा फिरकत नाही. गावच्या बाजारातून त्या पुडकीच्या पुडकी आणून बाई साऱ्या गल्लीला वाटायच्या. हे पुण्याचं काम म्हणून करत होत्या, आणि नव्या सुना शंका काढत तेव्हा त्यांचं उत्तर तयार असायचं.

परात भरून गहू त्यांनी पाळण्याजवळ आणले आणि चाळायला बसल्या. चाळणीत एक टिकडी आली. ती काढून बाजूला टाकताना फरशीवर आपटली आणि फुटली. आतून चांदीसारखे बारीक मणी सुटले आणि घरंगळत पाळण्याखाली गेले.

हर्षदानं धावत येऊन ध्रुवीला उचललं. दारापाशी जाऊन उभी राहिली. फरशीवरचे मणी बघत तिनं हळूच विचारलं, "मम्मी, हा पण पाराच ना?"

"काही व्हत नही," उषाबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आले. तेच शब्द. सुईला तेच, टिकडीला तेच. हर्षदा बाळाला घेऊन शेजारी गेली, आणि उषाबाई चाळणी मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. सतरा वर्षं आपण लोकांना सांगत आलो ते माहीत होतं म्हणून सांगत होतो की सवय होती म्हणून, हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना रागच येतो.

तो राग घेऊन त्या भर उन्हात केंद्रावर गेल्या. शीतलबेन डबे आवरत होती. उषाबाईंनी इंग्रजी कागद टेबलावर आपटला आणि विचारलं की लसीत पारा आहे की नाही, आणि आता साहेबांचं उत्तर मला नको.

शीतलबेननं हातातलं काम ठेवलं. म्हणाली, आहे. एका बाटलीत दहा बाळांची लस असते, दहा वेळा सुई आत जाते. दर वेळी जंतू जायची भीती. ते आत वाढू नयेत म्हणून घातलेलं औषध पाऱ्यापासून केलेलं असतं. ते अगदी थोडं असतं, थर्मामीटरमधल्या पाऱ्यापेक्षा त्याची जात वेगळी, आणि काही दिवसांत ते शरीरातून निघून जातं. मुलं न बोलण्याशी त्याचा संबंध आहे का, हे निरनिराळ्या देशांत लाखो मुलांवर तपासून झालंय. तो सापडला नाही. गोवराच्या लसीत तर हे औषध नसतंच.

"मंग आमले 'नही' सांगाले का लावं?" उषाबाईंना राग आला की समोर गुजराती बाई आहे हेही लक्षात राहत नाही. शीतलबेनला अहिराणी येत नव्हती, तरी प्रश्न कळला. ती म्हणाली की नाही म्हणणं सोपं असतं, हो म्हटलं की समजावत बसावं लागतं. कुणाकडे वेळ आहे?

मग उषाबाईंनी टिकडीचं सांगितलं. शीतलबेनचा चेहरा पहिल्यांदा बदलला. तो खरा वाईट पारा, म्हणाली. बंद खोलीत, उकाड्यात त्याची वाफ होते, आणि ती बाळाच्या नाकातोंडात जाते. बाळाला खोलीत आणू नका, खिडक्या उघडा. झाडू फिरवायचा नाही, गटारात टाकायचा नाही. मणी कागदावर घेऊन झाकणाच्या बरणीत भरायचे आणि बरणी इथे आणून द्यायची. त्या कोठीतले गहू खायचे नाहीत.

घरी येऊन उषाबाईंनी खिडक्या सताड उघडल्या आणि गुडघ्यांवर बसून पाळण्याखालचा एकेक मणी कागदावर घेतला. मणी हाताला लागत नव्हते, निसटत होते. लोणच्याची रिकामी बरणी घेतली. मग कोठी उपसली. उखा ओरडला की वर्षभराचे गहू कुठे चाललेत, तेव्हा त्या त्याच्याहून मोठ्यानं ओरडल्या आणि विषय संपला.

संध्याकाळी हर्षदा परत आली तेव्हा बाई ओट्यावर बसल्या होत्या. समोर बरणी. हर्षदा उंबऱ्यातच थांबली.

"लसमा पारा शे," उषाबाई म्हणाल्या. "मी खोटं सांगं तुले."

आणि मग शीतलबेननं सांगितलेलं सगळं, विसरलेलं पुन्हा आठवत, मागचं पुढे करत, सांगितलं. सगळं ऐकून हर्षदानं एकच विचारलं, वर्षाताईच्या पोराला मग कशानं झालं?

सतरा वर्षांची सवय जिभेच्या टोकावर आली. उषाबाईंनी ती गिळली. "माले माहीत नही, बेटा. डॉक्टरलेबी माहीत नही. सुईवरी नही व्हयनं, इतलंच माहीत शे."

हर्षदा त्यांच्या शेजारी बसली. मग तिनं विचारलं की पुढच्या बुधवारी लसीला किती वाजता जायचं.

बुधवारी ध्रुवीला पहिली पेंटा मिळाली. ती कडकडून रडली, हर्षदाही रडली, आणि उषाबाई सुनेच्या पाठीवर हात ठेवून गप्प उभ्या राहिल्या. आता गल्ली आपोआप येईल, अशी त्यांची समजूत होती. बाई पडल्या भोळ्या.

पहिली बरणी केंद्रात पोचली होती; दुसऱ्या दिवशी दुसरी घेऊन त्या दारोदार फिरल्या. आधी वाटलेल्या टिकड्या परत मागायच्या, मग लसीचं खरं सांगायचं, असं ठरवलं होतं. टिकड्यांचं ऐकून बायका घाबरल्या. लसीचं ऐकून तर आणखीच घाबरल्या. म्हणजे व्हिडिओ खराच होता ना? त्यांच्या लेखी खरा ठरला तो गोरागोमटा, आणि खोट्या ठरल्या उषाबाई. प्रत्येक दारात त्यांनी बाटली, सुई, जंतू पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या वाक्यापुढे कुणी ऐकत नव्हतं. साहेब असते तर घड्याळ तरी बघितलं असतं. या बायका सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

सुषमानं कोठीत हात घालून टिकड्या काढल्या आणि बरणीत टाकल्या. पोरगं तिच्या कडेवर होतं, बाईंना ओळखून हसलं. ध्रुवीला लस दिली, हे उषाबाईंनी दोनदा सांगितलं. सुषमानं मान हलवली. म्हणाली की टिकड्यांना काही होत नाही असं तुम्हीच सांगितलं, पारा नसतो असंही तुम्हीच सांगितलं.

"टिकड्या ली जा, आत्या. पोऱ्यानं मंग देखसूत."

काही व्हत नही, असं म्हणायला उषाबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते शब्द आता त्यांच्या कामाचे राहिले नव्हते, आणि त्यांच्याकडे दुसरे नव्हते. बरणीचं झाकण त्यांनी घट्ट लावलं. पुढच्या बुधवारी पुन्हा येते, एवढंच म्हणाल्या आणि शेजारचं दार वाजवलं.