परड्यातला गोल

आधीच सांगते, मी भूगोल शिकवलेली बाई आहे. भूतखेत, भानामती असलं कुणी सांगायला लागलं की मी आधी त्याचीच उलटतपासणी घेते. त्यामुळं हे वाचून ‘बाईंचं वय झालं’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आम्ही कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहतो. पेठेचा इतिहास लिहिणाऱ्या आमच्या मंडळासाठी मी एक जुना नकाशा परत छापायला दिला होता. बाजार, तालमी, घराघरातले आड, सगळं दाखवणारा. आड छोट्या गोलानं दाखवलेले. छापलेल्या प्रती घेऊन आला माझा चुलतभाऊ तात्या. उलगडून बघते तर... आमच्या घरामागच्या परड्यात एक गोल! मूळ नकाशात नाही, छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नाही, छापील प्रतींवर मात्र ठळक.

मला लगेच वास आला. माझ्या भावाला, दादाला, परड्यात खोली बांधायची होती आणि वाटणीवरून तात्या आडवा पडला होता. तिथं आड होता म्हटलं की बांधकाम थांबलंच!

“तात्या, ह्यो गोल कुणी काढला?”

“आक्का, मला सरळ रेघ मारता येत न्हाय, आन् मी नकाशा काढतोय व्हय?”

“मग काय आपोआप उगवला?”

“ते तुझ्या नकाशालाच इचार की!”

वर हसत होता मेला. त्याला उघडं पाडायचंच, असं मी ठरवलं.

त्याच आठवड्यात दादाच्या सुनेची, पूजाची, आडपूजा होती. सव्वा महिन्याच्या बाळंतिणीनं लेकराला घेऊन पाणी पुजायचं. आता आड राहिलेत कुठं? म्हणून आमच्यात परड्यातल्या बोअरलाच हळदीकुंकू वाहतात. वहिनींनी बोअरपुढं फरशीवर पाट मांडला... आणि मी बघितलं, नकाशातला गोल नेमका तिथंच. तात्याही जेवायला आलेला. माझं डोकंच फिरलं.

“दादा, उचल ती फरशी! सगळ्यांदेखत काय तो सोक्षमोक्ष लागू दे.”

“वन्सं, आजच मुहूर्त मिळाला व्हय?” वहिनी जाम चिडल्या. “बाळंतीण ताटकळलीया!”

“मग पुढच्या नळाला पूजा करा. मी हलणार न्हाय.”

वहिनी धुसफुसत पूजाला घेऊन पुढच्या दाराला गेल्या. दादानं वैतागून पाट सरकवला, फरशी उचलली आणि खालच्या मातीत पहार मारली. पहार हातातनं निसटली ती खालीच गेली. पाण्याचा आवाज आला... बऱ्याच वेळानं. मग भोवतीची माती घसरली आणि शेजारच्या फरश्या, पाट, सगळंच आत गेलं.

पुढच्या दाराला बायका हसत होत्या, लेकरू रडत होतं. त्याच पाटावर ती मायलेकरं बसणार होती! तात्या पांढराफटक पडला होता.

“आक्का, आईशप्पथ, मला ठाव नव्हतं...”

पहिल्यांदाच मला त्याचं खरं वाटलं.

मंडळातल्यांनी शाईचा डाग, मशीनचा दोष, सगळं सांगून बघितलं. डाग पडायला बरी तीच जागा सापडली! मी अजून ज्याच्या-त्याच्यावर संशय घेते. कुणीतरी मुद्दाम काढलेला निघाला, तर देवाशप्पथ, मला बरंच वाटेल.

प्रती संपल्या म्हणून मंडळानं नव्या छापून आणल्यात. गुंडाळी माझ्या कपाटावर आहे, बांधलेली तशीच. पूजाचं लेकरू आता घरभर रांगतंय. गुंडाळी उघडून आमचं घर बघायला पाहिजे, कळतंय मला... पण हात धजत नाही.