दोन्ही अंगांचे स्टेशन

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या तिसऱ्या गणेशचतुर्थीला, दुपारी चारच्या सुमारास, अमडापूरला आमच्या गल्लीतल्या गणपतीपुढे पुठ्ठ्याचे एक रेल्वे स्टेशन मधोमध कापण्यात आले. कापणारे माझे काका होते. स्टेशन त्यांनीच बांधले होते आणि त्याला दीड महिना लागला होता.

काकांचा धंदा बाशिंगांचा. लग्नात नवरा-नवरीच्या कपाळावर बांधायची कागदी बाशिंगे ते आणि काकू घरीच करीत. पावसाळ्यात लग्ने नसत, हात मोकळे असत. त्या दिवसांत काका गल्लीच्या गणपतीचे मखर करीत. त्यांच्या आधी त्यांचे वडील करीत. या कामाचा मोबदला नव्हता, मान होता: चतुर्थीच्या संध्याकाळची पहिली आरती मखर करणाऱ्याच्या घरची. मी तेव्हा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि काकांकडेच राहत होतो.

त्या वर्षी आषाढात मंडळाची बैठक कापडाच्या दुकानात झाली. दुकानाचे मालक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांना सगळे शेठजी म्हणत. मंडळातल्या तरुणांनी आदल्या वर्षी खामगावला हलता देखावा पाहिला होता. तो करणारा सजावटवाला अमडापूरला यायला तयार होता. कागदाच्या कमानी आता पुरे झाल्या, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यातला एक काकांकडे न पाहता म्हणाला, "दर साली देव नवा येते. मखर मात्र तेच."

शेठजींनी मधला मार्ग काढला. त्यांच्या जावयाने मुंबईहून चावीची आगगाडी आणून दिली होती. काकांनी तिच्यासाठी स्टेशन बांधावे, गाडी देवापुढे फिरावी. पहिल्या संध्याकाळी लोकांसमोर ती चालली, तर मखर काकांकडेच राहील. अडली, तर पुढच्या वर्षीपासून काम खामगावला. मानही अर्थातच जाईल. काका एवढेच म्हणाले, "हाव. चालते."

शेठजींनी रूळ आणि इंजिन आमच्याकडे दिले. डबे दिले नाहीत. जावयाची वस्तू, ती ऐन दिवशीच पेटीतून निघेल, असे त्यांनी सांगितले. रुळांचे आठ तुकडे होते आणि आठही वाकडे. ते जोडले की सुमारे अडीच हात रुंदीचा गोल होई. त्यात सरळ रूळ एकही नव्हता.

अमडापूरला रेल्वे नव्हती, आजही नाही. काकूंनी आगगाडी पाहिलेलीच नव्हती. काकांनी पाहिली होती ती खामगावला, रंगीत कागद आणि बेगड आणायला जात तेव्हा लांबून. म्हणून एका रविवारी आम्ही दोघे एस.टी.ने खामगावला गेलो आणि दिवसभर स्टेशनवर बसलो. काकांनी गाठी मारलेली सुतळी आणली होती. तिने ते फलाट, खांब, तिकिटाची खिडकी असे एकेक मोजत होते. एक हमाल बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला.

"काय मोजून राह्यले, काका? इकत घेता का ठेसन?"

"इकत नाही. घरी नेतो," काका म्हणाले. "जरा दरवाज्यात उभा राह्य बरं."

हमाल खरोखरच तिकीट-घराच्या दारात ताठ उभा राहिला. काकांनी त्याच्या डोक्याशी आणि चौकटीशी अशा दोन गाठी मारल्या.

घरी आल्यावर त्यांनी इंजिनाच्या खिडकीत मावेल एवढा माणूस जाड कागदातून कापला. उंची दोन बोटे आणि वर एक जव. त्याला लाल सदरा रंगवला. तो हमाल. पुढचा दीड महिना तो काकांच्या खिशात होता. दार कापायचे, पायरी करायची, खिडकी किती वर ठेवायची, की हमाल काढून तिथे उभा केला जाई. काकू चुलीपाशी बसून विचारीत, कठडा किती उंच करू? काका म्हणत, "हमालाले इचार."

पुठ्ठा शेठजींच्या दुकानातून येई. कापडाचे ठाण ज्या पाट्यांवर गुंडाळलेले असते, त्या पाट्या. शाळेतल्या भरलेल्या वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरे मी आणत असे. खळ चिंचोक्याची, काकू शिजवीत. भिंतींसाठी काकू कागदाला गेरूचा हात देत आणि तो ओला असतानाच त्यावरून फणी ओढीत; मग सुईने आडव्या रेघांमध्ये उभ्या रेघा मारीत. वाळल्यावर त्या विटा दिसत. छपराची कौले त्यांनी छत्रीच्या काडीवर कागद गुंडाळून केली. एकेक कौल ज्वारीच्या दाण्याहून थोडे लांब. ती किती झाली, हे कोणी मोजले नाही. खिडक्यांना बाशिंगांतून उरलेला पिवळा पारदर्शक कागद लागला. सिग्नलचा हात आगकाडीचा. पाण्याची टाकी अंगाऱ्याच्या डबीवर कागद चढवून केली. सरकी-कापसाचा कारखाना आणि त्याची उंच चिमणी काकांनी कोणी न सांगता केली. खामगाव म्हटले की त्यांना तीच आधी आठवे.

शाळा सुटल्यावर मी घरी येई, तेव्हा ओसरीभर छोट्या भिंती वाळत पडलेल्या असत आणि पाय कुठे ठेवावा ते कळत नसे. चिंचोके शिजल्याचा वास कपड्यांना लागलेला असे. वर्गातली मुले तो ओळखत. नंतर मी बऱ्याच घरांत राहिलो. तो वास त्यातल्या कोणत्याच घराला नव्हता.

पहिली चूक बाशिंगांच्या सवयीतून झाली. बाशिंग दोन्ही अंगांनी सारखे असावे लागते. म्हणून ते करणारा कागद आधी दुमडतो आणि मग कातर लावतो. उलगडले की दोन्ही बाजू एकदम येतात. काकांचा हात चाळीस वर्षे असाच वळलेला होता. एकच भिंत कापायला तो वळत नसे. त्यामुळे स्टेशनही जोडीने तयार झाले: रुळाच्या बाहेर एक, आत एक, समोरासमोर. दोन तिकिटाच्या खिडक्या, दोन घंटा, दोन घड्याळे, दोन फलाट. दोन्हींना सांधणारा पूल रुळावरून गेला होता, म्हणजे सगळे एकच अखंड काम होते. खामगावला स्टेशनची इमारत एकाच बाजूला आहे, हे मी एकदा बोललो. काका म्हणाले, "एका अंगानं उघडं दिसते."

दुसरी चूक मापाची. फलाट रुळापासून किती दूर ठेवायचे, ते इंजिन फिरवून ठरवले होते. इंजिन आखूड होते, ते दोन्ही फलाटांमधून एका बोटाच्या अंतराने छान जाई. काकांनी ते निदान पन्नास वेळा फिरवून पाहिले असेल.

नावाची पाटी मी लिहिली. कोणते नाव लिहायचे यावर मंडळात तासभर वाद झाला. शेवटी अमडापूर ठरले.

चतुर्थीला सकाळी मूर्ती आली. दुपारी स्टेशन मूर्तीपुढच्या लाकडी तक्तपोसावर मांडले. साडेतीनला शेठजी पेटी घेऊन आले आणि त्यांनी तीन डबे काढले. डबे इंजिनाच्या दुप्पट लांब होते. इंजिनाला जोडून चावी दिली. इंजिन फलाटांच्या मधून गेले. पहिला डबा फलाटांमध्ये शिरला, तेव्हा वळणामुळे त्याचे पोट आतल्या फलाटाला घासले आणि मागचे टोक बाहेरच्या फलाटावर चढले. गाडी थांबली. पुन्हा चावी दिली. पुन्हा तिथेच थांबली.

मंडळातले सात-आठ जण तिथे होते. कोणी हसले नाही. शेठजींनी घड्याळ पाहिले. आरती सातला होती. ज्याने आषाढात बोलून दाखवले होते, तो म्हणाला की गाडी उभीच ठेवू, तशीही छान दिसते. शेठजींनी नकारार्थी मान हलवली. ठरले ते ठरले, असे ते म्हणाले.

बाहेरचा भाग मागे सरकवता आला असता. तिकडे जागा होती. आतला सरकत नव्हता, कारण त्याच्यामागे कारखाना आणि टाकी खिळ्यांनी बसवलेली होती. आणि दोन्ही भाग पुलाने बांधलेले होते. उपाय एकच होता, तो सगळ्यांना दिसत होता.

काकांनी मला विचारले, "खामगावले किती बाजूनं हाय?"

"एकाच."

"मंग बोलला काऊन नाही?"

"बोललो होतो."

"हाव," ते म्हणाले. "बोलला होता."

तरी त्यांनी कातर उचलली नाही. एका अंगाचे बाशिंग आमच्या घरात कधी ठेवत नसत; एक बाजू बिघडली, तर दुसरीही मोडून टाकीत. काकांनी ते शेठजींना सांगितले, अगदी हळू आवाजात, आणि म्हणाले की असे काम आपण जन्मात केलेले नाही, देवापुढे तर नाहीच.

काकू नैवेद्याचे सामान घेऊन आल्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवले, गाडीकडे पाहिले, मग काकांकडे.

"हे बाशिंग कुठी हाय जी?" त्या म्हणाल्या. "ठेसन हाय. याले कोणाच्या कपाळाले बांधता?"

मंडळातले दोघे-तिघे हसले. काकाही थोडे हसले असावेत. मी त्यांच्या मागे होतो. काकूंनीच कातर त्यांच्या हातात दिली.

काकांनी पूल मधोमध कापला. आतले स्टेशन त्यांनी बुडाशी सुरी घालून सोडवले, एकही कौल न सांडता. बाहेरचे दोन बोटे मागे घेतले. सोडवलेला भाग तक्तपोसाच्या कोपऱ्यात, रुळापासून दूर ठेवला. देवापुढे अर्धवट वस्तू नको म्हणून त्याचे काहीतरी करणे भाग होते. मी तिकीट-घराच्या पाटीवर कागद चिकटवला आणि त्यावर 'शाळा' असे लिहिले. या शाळेला फलाट आणि घंटा का आहे, हे दहा दिवसांत कोणी विचारले नाही.

साडेपाचला गाडी तिन्ही डब्यांसह फिरली. काकांनी ती अकरा वेळा फिरवली. मग अंघोळीला गेले.

सातला गल्ली भरली. मूर्तीच्या मागे गॅसबत्ती ठेवली होती. तिचा उजेड पिवळ्या कागदांतून येत होता, आणि स्टेशनच्या प्रत्येक खिडकीत दिवा लागल्यासारखे दिसत होते. शेठजींनी चावी दिली. गाडी टाकीवरून, कारखान्यावरून, अमडापूरच्या पाटीवरून गेली आणि पुन्हा आली. चावी उतरेपर्यंत तिच्या नऊ फेऱ्या झाल्या. गर्दीतली एक म्हातारी दर फेरीला अमडापूर आले की आजूबाजूच्यांना ते नाव सांगत होती. चावी उतरली तेव्हा गाडी फलाटाशीच थांबली. तसे काही ठरवलेले नव्हते.

पहिली आरती काकांनी केली. ताट काकूंनी धरले होते.

दहा दिवसांत गाडी दोनदा घसरली. दोन्ही वेळा दुपारी, लोक नसताना. अमडापूरबाहेरूनही माणसे पाहायला आली. विसर्जनानंतरच्या बैठकीत मखराचा विषय निघाला, आणि काम काकांकडेच राहावे असे ठरले. विरोध कोणी केला नाही.

पुढची सहा वर्षे मखर काकांनी केले. सहाही वर्षी ते दोन्ही अंगांनी सारखे होते. सातव्या वर्षी डोळ्यांना दिसेना, म्हणून त्यांनी मंडळाला स्वतः जाऊन नाही म्हणून सांगितले. त्या वर्षी मखर खामगावहून आले. पहिल्या आरतीला मंडळाने काकांना बोलावले होते. ते आरतीला गेले.