सीट रोज खाली कोण करतंय?

काल दुपारी वडवणीत असा हादरा बसला की अजून सावरलो नाही. सगळं सांगतो, पण हसू नका.

हैदराबादचं कॉलेज अर्ध्यात सोडून गावी आलो तेव्हा सोबत एक सायकल आणली. तिची कातडी सीट म्हणजे नुसता पाट... जेवायलासुद्धा एका अंगावर बसत होतो. मग आपल्याकडे नव्या जोड्याला करतात तेच केलं, भरपूर एरंडेल चोपडून उन्हात ठेवली. कातड्याची पार झोळी झाली!

खालचा बोल्ट पिळून ते पुन्हा ताणलं. सीटचं नाक थोडं वर उचललं, उंची माझ्या पायाच्या मापानं धरली. आत्ता कुठं बूड निवांत झालं होतं.

रोज सायकलवर वडवणीला जायचो, भानुदास या मित्राकडे. खरं कारण शेजारच्या घरातली इंदू... बाकी तुम्ही समजून घ्या. तिच्याशी कधी एक शब्द बोललो नव्हतो.

सायकल भानुदासच्या गोठ्यात लावून आम्ही मळ्यात जायचो. परत येऊन बसावं तर गुडघे हनुवटीला! सीट खाली. मी पान्यानं वर करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली... शेवटी भानुदासची गचांडीच धरली.

"का छळतो रं?"

"आईची आन, म्या हात न्हाई लावला! तुझ्या त्या सांगाड्यावर कोण बसतंय?"

काल मळ्याच्या वाटेवरून एकटाच मागं फिरलो. चोराला सोडायचं नाही म्हणून काठीही घेतली. गोठ्यामागच्या खळ्यात डोकावलो आणि काठी हातातच राहिली.

सायकलवर इंदू! लुगड्याचा कासोटा घट्ट, पदर दातात. आणि मागून सीट धरून कोण पळतंय, तर तिची आई... शेजारच्या काकू! "म्होरं बघ गं, म्होरं!"

मला बघताच इंदू कडब्याच्या गंजीत जाऊन आदळली. "काकू, हे काय चाललंय?" मी ओरडलो.

काकूंनी पदरानं घाम पुसला. "धारूरला दिली तिला. म्हैनाभर बोलणी चालली, कालच सुपारी फुटली. माझी माय गेली तवा मला गाडी जुंपून द्यायला सासरी कुणी मोकळं न्हवतं. माझ्या लेकीनं गाडीची वाट बघायची न्हाई."

माझ्या कानात नुसतं घूं... "पण काकू, मला इंदू..."

काकू हळूच म्हणाल्या, "कालेज अर्धं, बोलणंबी अर्धंच का रं बाबा? आधी बोलायचं हुतंस. सुपारी फुटल्यावर आता काय?"

इंदू कडबा झटकत उठली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शीट लई मऊ हाय. पण म्होरलं नाक टोचतं, तेवढं आमाला खाली करता येईना."

काय करणार? बसलो उकिडवा. नाक खाली केलं, बोल्ट आवळला, सीट तिच्या मापाला आणली. डोळ्यांत पाणी होतं, पाना दोनदा निसटला.

"धारूरचा घाट चढंल का हिच्यावर?" तिनं विचारलं.

"जाताना उतरून ढकलत न्या," मी म्हणालो. "माहेरी येताना सगळा उतार आहे."

सायकल तिथंच ठेवून चालत घरी आलो. वाटभर काकूंवर चिडायचा प्रयत्न केला... जमलं नाही.