अनुक्रमणिकेत नसलेलं नाव

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. कुणी विषय काढलाच, तर "छापताना चूक झाली" एवढं म्हणून मोकळा व्हायचो. आता एक्याऐंशी पूर्ण झाली, आणि ते वाक्य मलाच ऐकवत नाही.

माझा मित्र आणि मी एकाच सरकारी कचेरीत मसुदे लिहून म्हातारे झालो. निवृत्तीनंतर दोघंही विद्यानगरात. रोज सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायचो. त्याला एक नाद होता. इंग्रजीतले जे शब्द एकाच ठरलेल्या वाक्प्रचारात उरलेत, बाहेर कुठं सापडत नाहीत, ते तो गोळा करायचा. सुरुवात रजेच्या अर्जावरून झाली. "'इन लियू ऑफ', म्हणजे अमक्याच्या बदल्यात, आपण जन्मभर लिहिलं," तो म्हणाला, "पण हा लियू एकटा कधी भेटला का रे तुला?" मग चकाचक या अर्थाच्या 'स्पिक अँड स्पॅन'मधला स्पिक आला, सगेसोयरे म्हणणाऱ्या 'किथ अँड किन'मधला किथ आला. प्रत्येकाला वहीत स्वतंत्र पान. 'लेफ्ट इन द लर्च', म्हणजे ऐन वेळी वाऱ्यावर सोडलेला, यासाठी त्यानं तीन शब्दकोश पालथे घातले. सोंगट्यांसारख्या कुठल्याशा जुन्या खेळात फार मागे पडलेल्या गड्याची अवस्था म्हणजे लर्च, हे कळल्यावर त्यानं मला घरी येऊन उठवलं होतं.

"हे शब्द म्हणजे आपण पेन्शनर," तो हसायचा. "एका घरात ओळख. बाहेर कोन पूछता नै."

त्याचं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी बोलायचा झोकात, लिहायला बिचकायचा. एक दिवस वही माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू लिही लेख. तुझी मराठी साफ आहे. वर माझं नाव पाहिजे, बस. नातीला दाखवायचंय." नात शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला, मुलाकडे. शाळा इंग्रजी. तिला मराठी अक्षरं तो स्वतः दर रविवारी शिकवत होता.

मी लेख लिहिला आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला पाठवला. मंडळाच्या नारायणगुड्यातल्या कचेरीतून संपादकांचा फोन आला, "लेखक म्हणून कुणाचं नाव टाकू?" त्याचं टाका, असं सांगायचं होतं. निदान दोघांची टाका, असं तरी. मी म्हणालो, "माझंच टाका. त्यांना नावाची हौस नाही." वाक्यं तर माझीच आहेत, असं नंतर मनाला समजावलं.

पाडव्याला त्याच्याकडे फराळाला गेलो. दिवाळीला आलेली नात अंकाच्या अनुक्रमणिकेवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत होती. लेखाचं शीर्षक वाचलं. पुढं माझं नाव वाचलं. मग बोट पुन्हा वरपासून खालपर्यंत फिरलं.

"आजोबा, तुमचं नाव कुठाय? प्रॉमिस केलं होतं ना?"

"छापताना चूक झाली असणार," मी म्हणालो. मला कुणी विचारलंही नव्हतं. नातीनं माझ्याकडे रागानं पाहिलं.

"हौ, तसंच असेल," तो म्हणाला. "या आजोबांवर कायकू रागावतेस? मीच जाऊन भांडतो त्या लोकांशी. दोघांची मेहनत आहे."

मी चकली खात राहिलो. जाऊ नकोस म्हणालो नाही.

दिवाळी संपल्यावर तो मंडळात जाऊन संपादकांना भेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वळणावर उभा होता. फिरायला निघालो. मग तो म्हणाला, "नाव पाहिजे होतं तर मागायचं ना रे. दिलं असतं."

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. ती सुटलेली नव्हती. मान वर केली तेव्हा तो फाटकाबाहेर पडत होता. त्यानंतर तो फिरायला आला नाही. दोन महिन्यांनी मुलाकडे राहायला गेला.

वही घेऊन मी कुकटपल्लीला गेलो. मेट्रोत एकच वाक्य मनात घोळवत होतो. दार त्यानंच उघडलं.

"या, बसा. तुम्ही उगाच त्रास घेतलात."

चाळीस वर्षांत त्यानं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. सुनेनं चहा आणला. मी वही पुढं केली. त्यानं ती उघडलीसुद्धा नाही, हलकेच माझ्याकडे सरकवली. "तुमच्याकडेच असू द्या. लेख तुमचा आहे."

चहा संपवून मी "येतो" म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. वही माझ्या कपाटात आहे. ती त्याच्या नातीची आहे. आणि मेट्रोत घोकलेलं, त्या दिवशी तसंच परत आणलेलं वाक्य असं होतं: "अरे, तुझं नाव छापखान्यानं नाही गाळलं, मी गाळायला लावलं; मला माफ कर."